एसईओवर पैसे घालावेत का? ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या धंद्याचा हिशेब

वेबसाइटसाठी नाव नोंदवलं की चार दिवसांत फोन सुरू होतात. "सर, तुम्हाला गुगलच्या पहिल्या पानावर आणतो. महिन्याला पंधरा हजार. तीन महिन्यांत रिझल्ट." बोलणारा ठाम असतो, मध्ये मध्ये दोन-चार इंग्रजी शब्द पेरतो, आणि नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंना किंवा रबाळ्यातल्या वर्कशॉपच्या मालकाला वाटायला लागतं की जग पुढे गेलं, आपणच मागे राहिलो. काही जण पैसे भरतात. वर्षभराने पावणेदोन लाखांहून जास्त गेलेले असतात आणि त्या बदल्यात काय आलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. काही जण "हे सगळं थोतांड आहे" म्हणून फोन ठेवतात, आणि त्यांच्याच मालाचं गिऱ्हाईक रोज गुगलवर शोधून दुसऱ्याच्या दारात उभं राहतं.

नुकसान दोघांचंही होतं. ते टाळायचं तर एसईओ, म्हणजे गुगलवर वर दिसण्यासाठीची खटपट, हा विषय स्वतःला थोडा तरी कळायला हवा, आणि तो कळण्याइतका सोपा आहे. माझं मत आधीच सांगतो. बहुतेक किरकोळ दुकानांना आणि घरगुती व्यवसायांना महिन्याच्या पॅकेजची गरज नसते. जे फुकट करता येतं तेवढं नेटाने केलं तरी त्यांना पुरतं. पण काही धंदे असे आहेत की त्यांनी यात पैसे घातले नाहीत तर ते हातची ऑर्डर घालवतात. आपण कुठल्या बाजूला आहोत हे कागद-पेन घेऊन तासाभरात काढता येतं.

गुगल नेमकं काय करतं

एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. कुणी गुगलवर काही शोधलं तर आपलं पान वरच्या बाजूला दिसावं म्हणून केलेली सगळी खटपट त्यात आली. गुगलचे प्रोग्रॅम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात जगभरची पानं सतत वाचत असतात. वाचलेल्या पानांची एक अवाढव्य सूची तयार होते, आणि कुणी प्रश्न टाकला की त्या सूचीतून उपयोगी वाटतील ती पानं क्रमाने पुढे येतात. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल सुरू केलं तेव्हा त्यांची मुख्य कल्पना अशी होती की ज्या पानाची लिंक इतर चांगली पानं देतात, ते पान महत्त्वाचं समजायचं. आज त्यात इतर असंख्य गोष्टींची भर पडली आहे: पान मोबाइलवर नीट उघडतं का, किती वेळात उघडतं, मजकूर प्रश्नाला धरून आहे का, वगैरे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हा क्रम गुगल विकत नाही. सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेल्या जाहिराती पैसे देऊन येतात, त्याखालचे निकाल पैसे देऊन येत नाहीत. त्यामुळे "आमची गुगलशी खास ओळख आहे" किंवा "पहिल्या नंबरची गॅरंटी" असं कुणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करावा. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

छोट्या धंद्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग वेगळाच आहे: नकाशा. 'ठाण्यात एसी रिपेअर' किंवा 'डेंटिस्ट निअर मी' असं शोधलं की एक छोटा नकाशा आणि त्याखाली बहुधा तीन नावं दिसतात. हे निकाल मुख्यतः वेबसाइटवरून ठरत नाहीत, ते दुकानाच्या गुगल बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या माहितीवरून ठरतात. (२०२१ पर्यंत याचं नाव गुगल माय बिझनेस होतं, अजून बरेच लोक तेच म्हणतात.) त्यात कोण वर येणार हे तीन गोष्टींवर ठरतं, असं गुगल सांगतं. नवीन सोसायटीत राहायला आलेला माणूस वॉचमनला विचारतो, "इथे चांगला प्लंबर कोण?" तेव्हा वॉचमनही नकळत याच तीन गोष्टी बघतो. ज्याचं नाव सांगायचं तो खरंच प्लंबिंग करतो का, जवळ आहे का, आणि सोसायटीतले लोक त्याच्याबद्दल काय बोलतात. गुगलच्या भाषेत समर्पकता, अंतर आणि प्रसिद्धी. यातल्या अंतरावर तुमचा इलाज चालत नाही. कासारवडवलीत उभं राहून कुणी पोळी-भाजी केंद्र शोधलं तर नौपाड्यातलं केंद्र कितीही नावाजलेलं असो, ते वर येणं अवघड. आणि खरं सांगायचं तर यायलाही नको. संध्याकाळी सातला घोडबंदर रोडवरून दोन भाज्या आणि दहा पोळ्या कोण पोचवणार?

तुमचं गिऱ्हाईक शोधणारं आहे का

पॅकेजवाला हा प्रश्न कधीच विचारत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच विचारायला हवा. सगळी गिऱ्हाइकं गुगलवर शोधत नाहीत. ज्याला गाव माहीत आहे तो शोधत नाही, तो विचारतो.

नौपाड्यात तीन पिढ्या राहिलेल्या घराला चकली कुठली घ्यायची, ब्लाउज कुणाकडे टाकायचा, दाढ दुखली तर कुठे जायचं हे पाठ असतं. अशा वस्तीत तुमचं दुकान ओळखीवर चालतं आणि चालत राहील. पण घोडबंदरच्या पट्ट्यात, खारघरला, उलव्याला चित्र उलटं आहे. तिथे टॉवरच्या टॉवर नवे, माणसं पुण्याहून, नाशिकहून, दिल्लीहून आलेली, अर्धे भाडेकरू. अकरा महिन्यांचा करार संपला की सेक्टर बदलतो, आणि नव्या सेक्टरमध्ये दूधवाल्यापासून बालरोगतज्ज्ञापर्यंत सगळं पुन्हा शोधायचं. या माणसाला विचारायला कुणी नाही, म्हणून तो फोन काढतो. एकाच प्रकारचं दुकान नौपाड्यातल्या राम मारुती रोडवर आणि खारघर सेक्टर वीसमध्ये असेल, तर गुगलचं महत्त्व दुसऱ्याला कितीतरी जास्त.

दुसरा फरक मालाचा. घाईची कामं लोक शोधतात: कुलूप अडकलं, फ्रीज बंद पडला, रात्री दहाला दात दुखायला लागला. कधीतरीच लागणारी कामं शोधतात: पॅकर्स, वाळवी, लग्नाचा हॉल, घराचं वॉटरप्रूफिंग. मोठ्या किमतीची कामं तुलना करायला शोधतात. पण कोपऱ्यावरचा किराणा, भाजी, इस्त्री, सलून यांच्यासाठी लोक बाल्कनीतून खाली बघतात. अशा दुकानाने वेबसाइटच्या एसईओवर एक रुपयाही घालू नये. नकाशावर नाव, फोन आणि वेळ बरोबर असली की झालं.

आपलं गिऱ्हाईक शोधतं का हे तपासणंही सोपं आहे. गुगलच्या जाहिरातींचं खातं फुकट उघडता येतं आणि त्यात कीवर्ड प्लॅनर नावाचं साधन मिळतं. एखादा शब्द तुमच्या भागात महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो याचा ढोबळ अंदाज ते देतं. आकडा ढोबळच असतो, पण दहा, शंभर आणि हजार यांतला फरक कळायला पुरेसा असतो. दुसरं साधन गुगल ट्रेंड्स. एखादी गोष्ट वर्षातल्या कुठल्या महिन्यात जास्त शोधली जाते हे त्यात रेषेसारखं दिसतं. आणि तिसरं, सगळ्यात जुनं: पुढचा महिनाभर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि उत्तर गल्ल्याजवळच्या वहीत लिहा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

निकालाचं पान वाचायला शिका

आता फोनवर ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होईल, आणि गिऱ्हाईक जे टाइप करेल ते टाका. स्वतःच्या दुकानाचं नाव टाकू नका. आणि शक्य असेल तर हे दुकानात बसून करू नका. दुकानात बसून शोधलं तर अंतर शून्य असल्यामुळे तुम्हीच वर दिसता, आणि उगाच समाधान होतं. कुणी एजंट तुमच्याच काउंटरवर उभा राहून "बघा, पहिला नंबर" असं दाखवत असेल तर त्याला म्हणावं, हेच ऐरोलीला जाऊन दाखव.

पान वरून खाली नीट बघा. जाहिराती किती आहेत? नकाशा आहे का? आणि त्याखाली कोण आहे? बऱ्याच धंद्यांत तिथे जस्टडायल, सुलेखा, अर्बन कंपनी, प्रॅक्टो, झोमॅटो, इंडियामार्ट अशी मोठी नावं रांगेत बसलेली दिसतील. या कंपन्यांची लाखो पानं आहेत आणि त्या वर्षानुवर्षं हेच काम करत आल्या आहेत. जस्टडायल आणि इंडियामार्ट दोन्ही १९९६ पासूनच्या, म्हणजे गुगलच्याही आधीच्या. पहिल्या पानावरच्या दहापैकी आठ जागा अशांनी अडवल्या असतील तर एक-दोन दुकानं असलेल्याच्या छोट्या वेबसाइटने त्यांना ढकलून वर जाणं ही महागडी हौस आहे. तिथे शहाणपण हे की नकाशावर जोर लावावा, आणि त्या मोठ्या साइटवर आपली माहिती नीट भरावी. उलट त्या पानावर तुमच्यासारख्याच छोट्या धंद्यांच्या साध्या, अर्धवट वेबसाइट दिसत असतील, तर तिथे दार उघडं आहे.

२०२४ पासून भारतातही बऱ्याच प्रश्नांच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर दिसतं. त्यामुळे 'दात किडण्याची कारणं' असले लेख वेबसाइटवर टाकून गिऱ्हाईक मिळवण्याची जुनी पद्धत बरीचशी मोडली आहे. वाचणाऱ्याला उत्तर वरच मिळतं, तो आत येतच नाही. पॅकेजमध्ये 'महिन्याला आठ ब्लॉग' असेल तर त्याचे पैसे देण्याआधी हे आठवा. दाढ काढायला मात्र खुर्चीच लागते, म्हणून 'खारघरमध्ये डेंटिस्ट' हा शोध टिकून आहे.

हिशेब

समजा पॅकेज महिना १५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७००. पोळी-भाजी केंद्र जीएसटीत नोंदलेलं नसेल, किंवा हॉटेल-व्यवसायाच्या ५ टक्के दरात असेल, तर या जीएसटीची वजावट मिळत नाही. पूर्ण १७,७०० खिशातून जातात.

आता एका ऑर्डरमागे सुटतात किती? विक्री बघू नका, गॅस, कणीक, तेल, बायकांचा पगार, डिलिव्हरी वजा जाऊन हातात राहतात ते बघा. अडीचशेच्या ऑर्डरमागे साठ रुपये सुटतात असं धरलं, तर फक्त पॅकेजचा खर्च भरून निघायला महिन्याला २९५ ऑर्डर जास्तीच्या याव्या लागतील. रोज दहा. आणि त्या फक्त गुगलमुळे आलेल्या, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या नव्हेत. रोज दहा जास्तीच्या ऑर्डर म्हणजे चाळीस-पन्नास पोळ्या जास्त, म्हणजे कदाचित अजून एक बाई कामाला, म्हणजे साठाचे पन्नास झाले. हे गणित बसत नाही, आणि त्यात काकूंचं काही चुकलेलं नाही. त्या धंद्याचा जीवच तसा आहे.

खारघरच्या फिजिओथेरपी क्लिनिकचं बघू. एक पेशंट दहा सिटिंग घेतो, सिटिंगचे ६००, एकूण ६,०००, खर्च जाऊन ३,५०० राहतात असं धरा. १७,७०० साठी महिन्याला पाच-सहा नवे पेशंट हवेत. नव्या वस्तीत हे अशक्य नाही. पण इथे वेगळाच प्रश्न येतो: बेड दोन, आणि संध्याकाळी सहा ते नऊ आधीच भरलेलं. नवे पेशंट नेमके त्याच वेळेला येणार, कारण ते नोकरदार. मग आलेला माणूस परत पाठवायला पैसे घालायचे का? ज्याची क्षमता संपली आहे त्याने एसईओऐवजी तिसऱ्या बेडचा विचार करावा.

आणि आता रबाळ्याचं वर्कशॉप. ते गॅस्केट, म्हणजे पाइपांच्या जोडात बसणाऱ्या गळती रोखणाऱ्या चकत्या, बनवतात असं समजू. एका ऑर्डरमागे पन्नास हजार सुटतात, जीएसटीची वजावट मिळते, म्हणजे वर्षाचा खर्च १,८०,०००. वर्षात चार नव्या ऑर्डर आल्या की पैसे वसूल. शिवाय केमिकल कंपनीला दर शटडाउनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, गॅस्केट लागतात, म्हणजे एकदा जुळलेलं गिऱ्हाईक पुढची कित्येक वर्षं येतं. त्या शब्दासाठी महिन्याला पन्नासच माणसं शोधत असतील, पण त्यातला प्रत्येक जण पर्चेस डिपार्टमेंटमधला आहे आणि त्याला माल खरंच हवा आहे. इथे एसईओ परवडतं. परवडतं म्हणण्यापेक्षा, न करणं परवडत नाही.

या सगळ्यात वेळ धरायलाच हवा. बदल करायला लागून फायदा दिसेपर्यंत साधारण चार महिने ते वर्ष लागतं असं गुगलच सांगतं. म्हणजे पहिले सहा-आठ महिने पैसे जाणार आणि हातात काही येणार नाही. एवढा काळ गाडा ओढण्याची ताकद नसेल तर सुरूच करू नका, कारण चौथ्या महिन्यात कंटाळून थांबणं हा सगळ्यात वाईट व्यवहार आहे. ज्याला पुढच्या आठवड्यात फोन वाजायला हवा आहे त्याने थोड्या पैशांत गुगलवर जाहिरात लावून बघावी. ती बंद केली की फोनही थांबतात हे खरं, पण तुमच्या मालाला शोधणारं गिऱ्हाईक आहे का, आणि कुठल्या शब्दाने शोधतं, हे त्यातून पंधरा दिवसांत कळतं.

फुकटात होणारं काम

बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. त्यासाठी गुगल पैसे मागत नाही, आणि "तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे, रिन्यू करा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा.

प्रोफाइलमध्ये सगळ्यात महत्त्वाचा असतो मुख्य प्रकार. पोळी-भाजी केंद्राने 'रेस्टॉरंट' निवडलं की ते शहरातल्या तमाम हॉटेलांच्या रांगेत जाऊन उभं राहतं. त्यापेक्षा आपल्या कामाच्या जास्तीत जास्त जवळ जाणारा प्रकार शोधून निवडावा. नाव पाटीवर आहे तेच द्यावं. 'अन्नपूर्णा पोळी-भाजी बेस्ट टिफिन ठाणे वेस्ट' असली नावं नियमाविरुद्ध आहेत आणि त्यामुळे प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. घरून काम करणाऱ्यांना पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग दाखवता येतात, हे पुष्कळ घरगुती डबेवाल्यांना माहीतच नसतं. सणाच्या दिवशीची वेळ वेगळी भरता येते. ती भरा. गौरी-गणपतीत दुकान उघडं दाखवून कुलूप भेटलं की माणूस चिडून एक स्टार देतो, आणि तो स्टार वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

रिव्ह्यू मागायला लाजू नका. प्रोफाइलमध्येच लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो छापून गल्ल्यापाशी लावा. पण रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, गुगलला ते चालत नाही. विकत घेतलेले रिव्ह्यू तर मुळीच नकोत. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकच काढलं आहे, एवढा हा प्रकार बोकाळला होता. वाईट रिव्ह्यू आला तर शांतपणे दोन ओळी उत्तर द्या. ते उत्तर रिव्ह्यू देणाऱ्यासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असतं.

एवढं केलं आणि महिन्यातून एकदा चार खरे फोटो टाकले, की बहुतेक दुकानांचं काम झालं. याला तासभर पुरतो. घरातल्या कॉलेजच्या मुलीला किंवा भाच्याला सांगितलं तरी होतं.

डॉक्टर आणि वकील यांनी एक गोष्ट आठवणीत ठेवावी. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानुसार जाहिरात करता येत नाही. २००८ पासून वेबसाइटवर ठरावीक माहिती देण्याची मुभा आहे. डॉक्टरांनाही पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला २००२ च्या नियमांनी बंदी आहे. एजन्सीला हे नियम बहुधा माहीत नसतात आणि नोटीस आली तर ती एजन्सीला येत नाही.

वर्कशॉपचं पान कसं असावं

ज्यांचं गणित बसतं त्यांच्यासाठी आता थोडं खोलात जातो, कारण वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या किती तरी चांगल्या कारखान्यांच्या वेबसाइट बघून जीव हळहळतो. माल उत्तम, मशिन उत्तम, आणि वेबसाइटवर एकच पान. त्यावर 'वेलकम', खाली 'आम्ही अग्रगण्य उत्पादक आहोत', मग हस्तांदोलनाचा विकतचा फोटो आणि मालाची सगळी यादी एका चित्रात. पर्चेस इंजिनिअर 'अग्रगण्य उत्पादक' असं शोधत नाही. तो शोधतो 'स्पायरल वूंड गॅस्केट, एसएस ३१६, ग्राफाइट फिलर, नवी मुंबई'. हे शब्द तुमच्या पानावर मजकुराच्या रूपात नसतील तर गुगलने तुम्हाला कशाच्या आधारावर दाखवायचं?

प्रत्येक मालाला स्वतंत्र पान हवं. त्या पानावर मालाचं नाव, धातू आणि फिलर कोणता, कुठल्या मापांत मिळतो, एएसएमई बी१६.२० या मानकाप्रमाणे आहे का, टेस्ट सर्टिफिकेट देता का, कमीत कमी किती नगांची ऑर्डर घेता, किती दिवसांत देता, आणि तुमच्याच शॉप-फ्लोअरवर काढलेले तीन-चार फोटो. फोनवर गिऱ्हाईक जे आठ-दहा प्रश्न विचारतं त्यांची उत्तरं पानावर लिहिली की ते पान आपोआप चांगलं होतं. अशी दहा पानं करायला एखाद्या लिहिणाऱ्याला आणि वेबसाइटवाल्याला एकदाच पैसे द्यावे लागतात. दर महिन्याला नाही. म्हणून मी कारखानदारांना सांगतो की आधी हे एकरकमी काम करून घ्या, सहा महिने थांबा, आणि मगच महिन्याच्या पॅकेजचा विचार करा. निम्म्याहून जास्त जणांना पुढे पॅकेज लागतच नसावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हंगामी धंद्यांसाठी एक वेगळी गोष्ट. उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ, हळदी-कुंकवाचं वाण, यांचं पान सण तोंडावर आल्यावर करून उपयोग नाही. गुगलला ते सापडून, पारखून वर आणायला वेळ लागतो. गणपतीचं पान मे-जूनमध्ये तयार हवं, आणि विसर्जन झाल्यावर ते पुसून टाकू नये. त्याच पत्त्यावर पुढच्या वर्षी फक्त तारखा आणि भाव बदलावेत, म्हणजे पानाची जुनी पुण्याई टिकते. आणि हे पान मराठीत लिहावं. 'उकडीचे मोदक ठाणे' असं देवनागरीत शोधणारे किंवा फोनला मराठीत बोलून विचारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना उत्तर देणारी पानं अजून कमी.

एजन्सीला काय विचारायचं

गणित बसलं आणि काम बाहेर द्यायचं ठरलं, तर आधी मालकी. वेबसाइटचं नाव तुमच्या ईमेलवर नोंदलेलं हवं. बिझनेस प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही हवेत, एजन्सीला फक्त व्यवस्थापक म्हणून जोडता येतं. सर्च कन्सोल नावाचं गुगलचं फुकट साधन तुमच्या खात्यावर सुरू हवं. ज्यांनी हे पाहिलं नाही, त्यांना एजन्सी बदलताना स्वतःचंच दुकान सोडवून घ्यावं लागतं.

मग विचारा, पहिल्या तीन महिन्यांत नेमकी कुठली कामं करणार, लिहून द्या. उत्तरात 'पाचशे बॅकलिंक', म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून तुमच्याकडे आणलेल्या लिंक, असं आलं तर उठा. विकतच्या लिंकांवर गुगलने २०१२ मध्ये पेंग्विन नावाच्या बदलाने मोठा दणका दिला, तरी ते अजून विकलं जातं. 'कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधली शब्दांची यादी) भरू' असं आलं तरी उठा, कारण वेब शोधाचा क्रम ठरवताना तो टॅग बघत नाही असं गुगलने २००९ मध्येच सांगितलं आहे. 'कळवा, मुंब्रा, ऐरोली, घणसोली, प्रत्येकाचं वेगळं पान' हे ऐकायला छान वाटतं, पण गावाचं नाव बदलून तोच मजकूर पंचवीस वेळा छापणं गुगलच्या नियमात बसत नाही. तिथे तुमचं खरंच वेगळं काम झालेलं असेल, त्या सोसायटीतले फोटो असतील, तर पान जरूर करा.

दर महिन्याला रिपोर्ट येईल. त्यात रंगीत आलेख असतील आणि 'इंप्रेशन वाढले' असं लिहिलेलं असेल. इंप्रेशन म्हणजे फक्त दिसणं. तुम्ही सर्च कन्सोल उघडून कुठल्या शब्दांवरून लोक आत आले ती यादी बघा. त्यातून तुमच्या दुकानाचं नाव असलेले शोध बाजूला काढा. ते लोक तुम्हाला आधीच ओळखत होते, त्यांच्यासाठी एजन्सीला पैसे देण्याचं कारण नाही. उरले ते खरे नवे. सोळा महिन्यांपर्यंतचे आकडे तिथे राहतात, म्हणजे मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करता येते, आणि ती करायलाच हवी. नाहीतर गणपतीत वाढलेल्या मोदकांच्या ऑर्डरींचं श्रेय एजन्सी घेऊन जाईल.

त्या आकड्यांशेजारी गल्ल्याजवळची वही ठेवा. 'गुगलवर बघितलं' म्हणणारे किती, त्यातून पैसे किती सुटले, आणि एजन्सीला गेले किती. सहा महिने झाल्यावर नव्या शब्दांवरून लोक यायला लागल्याची काहीच खूण दिसत नसेल, तर कारण विचारा; समाधान झालं नाही तर थांबवा. वर्षभराने वहीतले पैसे खर्चाच्या खाली असतील, तरी थांबवा. थांबवायच्या आधी वेबसाइटचा पूर्ण बॅकअप मागून घ्या, सगळे पासवर्ड बदला, आणि वेबसाइटच्या नावाची मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. नूतनीकरणाचा ईमेल आजवर त्यांच्याकडे जात असेल, तर तो पत्ताही त्याच दिवशी बदलून घ्या.